बेळगावच्या थंडी-पावसात फ्लॅटमध्ये कुंडीतली तुळस टिकेल का?

टिकेल, पण खिडकीत रोज पाच-सहा तास ऊन आणि मोजकं पाणी, या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. नुसत्या थंडीने आपल्याकडे तुळस सहसा मरत नाही. तिला खरा त्रास होतो तो पारा १० अंशांच्या खाली गेल्यावर, आणि टिळकवाडी-शहापूरच्या बंद घरात तेवढी थंडी पडत नाही. मरते ती ओल्या मातीत मुळं कुजून. गारठ्यात वाढ मंदावते, कुंडीतलं पाणी लवकर सुकत नाही, आणि पूजेचा तांब्या मात्र रोज रिकामा होतो! पूजेला पळीभर पाणी पुरे. बाकीचं, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच. इथली तांबडी माती एकटी वापरली तर कुंडीत घट्ट बसते. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, तळाचं भोक मोकळं ठेवा.

खिडकीचं म्हणाल तर हिवाळ्यात दक्षिणेची उत्तम. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्या काळात कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवा. मंजिऱ्या आल्या की खुडा, म्हणजे झाड फुटतं. थोड्या झाडावरच वाळू देऊन बी ठेवा, उन्हाळ्यात पेरता येतं.

खानापूर-कणकुंबीकडे राहत असाल तर हे पुरणार नाही. तिथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, तेव्हा कुंडीवर हातभर अंतरावर पांढरा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लावा.