गोदावरीतली शिंपली गोड्या पाण्यात जगते, मग ध्रुवावरचीला का बाधतं?

दादा, प्रश्न लई चांगला विचारलात. गोदावरीच्या वाळूतल्या शिंपल्या जन्मभर गोड्या पाण्यातच राहतात, मग अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला हिमनदीचं गोडं पाणी उतरलं तर तिथल्या शिंपल्यांचं काय बिघडतं, असंच ना? मी परभणीत बारावीला केमिस्ट्री शिकवतो, हा विषय बरीच वर्षं वाचतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे गोड्या-गोड्यातही फरक असतो. आपल्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जो पांढरा टणक थर धरतो ना, तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, आणि शिंपला पण त्याचाच बनलेला. गोदावरीचं पाणी काळ्या दगडातून झिरपत येतं त्यामुळं त्यात कॅल्शियम न् बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. हिमनदी म्हणजे काय, वर्षानुवर्षं पडून दाबला गेलेला बर्फ, ते वितळलेलं पाणी बॅटरीत टाकायच्या पाण्यासारखं जवळजवळ कोरं! ते समुद्रात मिसळलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही पातळ होतात, वरून थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मुरतो आणि उरलंसुरलं कार्बोनेट तोच खातो. शिंपल्याच्या चुन्याचा एक प्रकार आहे अरागोनाइट, तो लवकर विरघळतो, आणि टेरोपॉड नावाच्या तरंगत्या गोगलगाई, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, त्यांचं कवच नेमकं त्याचंच असतं. 2008 साली आर्क्टिकमधल्या कॅनडा बेसिनमध्ये वरच्या पाण्यात अरागोनाइट टिकणार नाही इतकं कार्बोनेट उतरलेलं मोजलं गेलंय. तिथं समुद्रावरचा बर्फ वितळला होता, हिमनदी नव्हे, पण पाणी पातळ होण्याची गोष्ट तीच. हां, हिमनदी चुनखडीच्या खडकावरून आली तर गाळातून थोडा चुना परत मिळतो, म्हणून सगळीकडं सारखंच होतं असं नाही.

दुसरं मिठाचं. समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ, आणि समुद्रातल्या शिंपल्याच्या अंगातलं पाणीही तेवढंच खारट. बाहेरचं पाणी अचानक अळणी झालं की ते अंगात शिरतं, पेशी फुगतात. नदीतली शिंपली जास्तीचं पाणी सारखं बाहेर टाकते आणि मीठ धरून ठेवते, तिची ती पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे, समुद्रातलीला ती नाही. ती मग कवच घट्ट मिटून बसते, आणि टोपीसारखी खडकाला चिकटणारी नॅसेला गोगलगाय खडकाला आवळून बसते. थोडा वेळ हे चालतं, पण मिटलं की खाणं बंद, श्वास बंद, आणि उन्हाळाभर वितळणं चालूच राहिलं तर कसं निभणार? हलकं गोडं पाणी वरच तरंगतं, त्यामुळं खोल राहणारे बरेचसे वाचतात, पण किनाऱ्याच्या उथळ पाण्यातल्यांना जागाच नाही.

आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त खटकतं ते, गाळ. हिमनदी खडक पिठासारखा दळते आणि ते पीठ पाण्याबरोबर येतं, पाणी दुधाळ दिसतं. पाणी गाळून खाणाऱ्या जीवाला हे म्हणजे भाकरीत वाळू. अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर पॉटर कोव्ह म्हणून खाडी आहे, तिथं 1994 ते 2010 च्या दरम्यान गाळ वाढत गेला तसे पाणी गाळून खाणारे अॅसिडियन नावाचे जीव कमी झाले. त्यांना कवच नसतं, पण खायची तऱ्हा शिंपल्यासारखीच. त्याच खाडीत लॅटर्न्युला नावाचा मोठा शिंपला चिखलात खोल रुतून फक्त नळी वर काढून जगतो, हिमखंडानं खरवडून बाहेर काढला तर लहान असेल तर परत रुततो, मोठ्या वयाच्याला ते लई जड जातं.

आपले लोकही हे पाणी मोजतात बरं का. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे आणि 2014 मध्ये तिथल्याच काँग्सफ्योर्डन या फ्योर्डात, म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेल्या समुद्राच्या लांबट खाडीत, इंडआर्क नावाची यंत्रणा पाण्याखाली बसवली, तिथं हिमनद्या थेट फ्योर्डात उतरतात.

आता नदीवर गेलात की एक जुनी शिंपली उचला. बाहेर तपकिरी चामड्यासारखी साल असते, ती आतला चुना सांभाळते. जिथून शिंपली वाढायला लागते त्या टोकाला साल झिजलेली असते, तिथं बोट फिरवा, पांढरा खडबडीत खड्डा लागेल. तिथला चुना घासून आणि विरघळून गेलेला असतो, आणि ते आपल्या क्षारवाल्या पाण्यात.