वाचकांचे प्रश्न : वादळ समुद्रात, तिकीट हातात

दिवाळीनंतरच्या समुद्रसफरींबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांची चिंता एकच : वादळ आलं तर आपलं काय? त्यातली पाच पत्रं इथं घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. त्यानं आम्हा दोघांसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मायामीहून सुटणारी सात रात्रींची पूर्व कॅरिबियन क्रूझ काढली आहे. आम्ही नागपूरहून दिल्लीमार्गे जाणार. आता तिकडं वादळ तयार होतंय म्हणे. मुलगा रोज नकाशा पाठवतो आणि रोज त्यातला पांढरा शंकू वेगळ्याच बाजूला वळलेला असतो. जावं की नाही, आणि ते ठरवावं कधी?
— एक वाचक, वरूड (जि. अमरावती)

उत्तर : आधी शंकूचं बघू. शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. पुढच्या पाच दिवसांत वादळाचं केंद्र कुठून कुठून जाऊ शकतं, एवढंच तो सांगतो. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरवतात, आणि साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्याच्या आत राहतं. म्हणजे तिसऱ्या वेळी ते बाहेरही जातं. शिवाय वारा आणि पाऊस शंकूच्या कडेपलीकडे शेकडो किलोमीटर पसरलेले असू शकतात. चोवीस तासांच्या अंदाजात केंद्र सरासरी पन्नासेक किलोमीटर इकडंतिकडं होतं, नागपूर ते कोंढाळी एवढं. पाचव्या दिवसाच्या अंदाजात हीच चूक दोनशे सागरी मैलांच्या आसपास जाते, म्हणजे नागपूर ते बुलढाणा. तेव्हा शंकू रोज वळतो याचं नवल वाटून घेऊ नका.

वादळ अजून तयारच झालेलं नसेल तर नकाशावर बहुधा शंकू नसतो, रंगीत डाग असतो. पिवळा म्हणजे वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी, नारिंगी ४० ते ६०, लाल ६०च्या वर. ही शक्यता तयार होण्याची आहे, तुमच्या जहाजावर येण्याची नव्हे. डागाजवळची फुली म्हणजे ती गडबड आत्ता कुठं आहे ती जागा, आणि डाग म्हणजे सात दिवसांत ती कुठं आकार घेऊ शकते तो टापू.

हे नकाशे मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर काढतं. वादळ उभं राहिलं की दर सहा तासांनी नवं पत्रक येतं. आपल्या घड्याळानं सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटे अडीच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागं जातात, पण आपल्याकडच्या या वेळा बदलत नाहीत. किनाऱ्याला इशारा लागला की मध्ये दर तीन तासांनी छोटं पत्रकही येतं. तुम्हाला सकाळी आणि रात्री साडेआठचं पुरे. फॉरवर्ड होऊन आलेल्या नकाशावर तारीख आणि वेळ छापलेली असते, ती आधी वाचा. निम्मी घबराट कालच्या नकाशानं होते.

आता जहाजाचं. मोठं प्रवासी जहाज २० ते २२ नॉट, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटर वेगानं जातं. उष्ण कटिबंधातलं वादळ बहुधा त्याच्या निम्म्या वेगानं सरकतं. त्यामुळं कप्तान वादळाला वळसा घालू शकतो आणि घालतोच. जहाज वादळात सापडेल ही भीती मनातून काढा. अडकतं ते बंदरात. अमेरिकन कोस्ट गार्ड बंदरांना चार पायऱ्यांनी बांधतं : जोराचे वारे ७२ तासांत अपेक्षित असतील तर ‘व्हिस्की’, ४८ तासांत ‘एक्स-रे’, २४ तासांत ‘यँकी’, १२ तासांत ‘झुलू’. यँकीला जहाजांना आत येणं बंद होतं, झुलूला सगळंच बंद. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळानं टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन बंदर असंच बंद पडलं. तिथं परतणारी जहाजं न्यू ऑर्लिन्स आणि मायामीकडं वळवावी लागली. आतल्या प्रवाशांना काही झालं नाही, पण त्यांची परतीची विमानं ह्यूस्टनहून होती आणि ते उभे होते दुसऱ्याच राज्यात.

म्हणून काळजी करायची ती जहाज गाठण्याची आणि परतण्याची. नागपूर–दिल्ली आणि दिल्ली–अमेरिका ही तिकिटं एकाच पीएनआरवर असू द्या. वेगळी काढली आणि पहिलं विमान लांबलं, तर पुढची कंपनी हात वर करते. जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी मायामीत पोचा. विमान चुकलं म्हणून जहाज थांबत नाही, आणि तुम्ही आला नाहीत म्हणून पैसेही परत मिळत नाहीत. परतीचं विमान जहाज लागण्याच्या दिवशीचं घेऊ नका, एक-दोन दिवस पुढचं घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या दहा दिवसांच्या जादा, आणि त्या हातातल्या बॅगेत. मोठी बॅग जहाजावर चढताना तुमच्याकडून घेतात, ती संध्याकाळपर्यंत खोलीत येते.

कंपनीनं मार्ग बदलला तर? पूर्वेची बेटं सोडून पश्चिमेला कोझुमेलकडं नेणं हा त्यांचा नेहमीचा उपाय आहे. कोझुमेल मेक्सिकोत आहे, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तुमचा अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशाचा आहे ना, एवढं मात्र पासपोर्ट उघडून बघा, कारण क्रूझवरून परतणं हा नवा प्रवेश धरला जातो. मार्ग बदलला म्हणून भाड्याचे पैसे परत मागता येत नाहीत. करारात तो हक्क कंपनीनं स्वतःकडं ठेवलेला असतो. गाळलेल्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो, बहुधा जहाजावरच्या खात्यात. बेटावरची सहल जहाजाकडून घेतली असेल तर तिचे पैसे आपोआप येतात. बाहेरून परस्पर घेतली असेल तर त्या दुकानदाराशी तुमचं तुम्ही बघा.

कधी ठरवायचं, तर सात दिवस आधी फक्त डागांवर नजर ठेवा, काही रद्द करू नका. तुम्ही होऊन रद्द केलं तर कापलेले पैसे गेले, आणि त्याच सफरीला पुढं कंपनीनं रद्द केलं असतं तर पूर्ण मिळाले असते. इथं घाईनं माणूस बुडतो. पाच दिवस आधी मायामी शंकूत आहे का ते बघा. तीन दिवस आधी विमान कंपनीनं तारीख फुकट बदलून देण्याची सवलत जाहीर केली का ते तपासा. अमेरिकेतल्या कंपन्या वादळाआधी अशी सवलत बऱ्याचदा देतात, आणि मुदतीत घेतली नाही तर ती जाते. क्रूझ कंपनीचा शेवटचा निर्णय कधी कधी सुटण्याच्या आदल्या दिवशीच येतो. तोवर तुम्ही तिकडं पोचलेले असाल, म्हणून मुलाच्या घरी थांबायची सोय आधीच धरून चला.

ऑक्टोबर संपत आला म्हणजे हंगाम संपला असंही समजू नका. तो ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. २०२५ चं मेलिसा २१ ऑक्टोबरला नाव घेऊन कॅरिबियनमध्ये रेंगाळलं आणि २८ ला जमैकाला धडकलं, तेव्हा वारा ताशी २९५ किलोमीटरचा होता. असं रेंगाळणारं वादळ क्रूझवाल्यांना सगळ्यात नडतं. वेगानं जाणारं एक बंदर गाळायला लावतं, रेंगाळणारं आख्खी सफर फिरवायला.

प्रश्न : आम्ही चार निवृत्त शिक्षक जोडप्यांनी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ घेतली आहे. बातम्यांत ‘अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र’ म्हणतात. सफर रद्द होईल का?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे वादळ नव्हे. आपल्या हवामान खात्याच्या पायऱ्या अशा : वारा ताशी ३१ किलोमीटरपर्यंत पोचला की अवदाब, ५० ला तीव्र अवदाब, ६२ ला चक्रीवादळ. नाव मिळतं ते इथं, १३ देशांनी दिलेल्या यादीतून. पुढं ८९ ला तीव्र आणि ११८ ला अतितीव्र. अमेरिकेचे आकडे याच्याशी जुळवायला जाऊ नका. ते एका मिनिटाचा सरासरी वारा मोजतात, आपण तीन मिनिटांचा, म्हणून त्यांचा आकडा थोडा मोठाच दिसतो.

खात्याचा दोन आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो. निघण्याआधीचे दोन गुरुवार तो वाचा. चक्रीवादळ झालं की पत्रक दर तीन तासांनी. पण पूर्वसूचना दर वेळी सारखी मिळत नाही. २०२३ च्या बिपरजॉयला ६ जूनला नाव पडलं आणि ते १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. उलट २०१७ चं ओखी २९ नोव्हेंबरला नुसता अवदाब होतं, दुसऱ्या दिवशी कन्याकुमारीजवळ चक्रीवादळ झालं आणि लगेच लक्षद्वीपकडं वळलं. तुमची सफर नेमकी याच दिवसांत आहे.

सफर रद्द होण्यापेक्षा बेट गाळलं जाण्याची शक्यता जास्त धरा. तिथं मोठं जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर उभं राहतं आणि माणसं लहान होड्यांतून आत नेतात. दोन मीटरच्या लाटेचं जहाजाला काही वाटत नाही, पण होडी जहाजाच्या दाराशी वर-खाली होऊ लागली की गुडघेदुखीवाल्या माणसाचा पाय नेमका कुठं पडेल याची खात्री उरत नाही. तेव्हा वादळ पाचशे किलोमीटर लांब असलं, आकाश निळं असलं, तरी उतरणं रद्द होतं. मग लोक भांडतात की ऊन पडलंय आणि आम्हाला उतरवत नाहीत. कप्तान बघतो तो लांबच्या वादळाकडून आलेला पाण्याचा हेलकावा.

यासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज बघा. तिथला आकडा सगळ्यात उंच तृतीयांश लाटांची सरासरी असतो. दोन मीटर लिहिलं असेल तर एखादी लाट साडेतीनचीही येते. मुंबई बंदरावर बावटा कितव्या क्रमांकाचा हेही बातम्यांत येतं : १ आणि २ म्हणजे वादळ लांब समुद्रात, ३ आणि ४ म्हणजे बंदरालाच धोक्याची शक्यता, ५ ते ७ म्हणजे धोका, ८ ते १० म्हणजे मोठा धोका. १ नंबर लागला म्हणून बॅगा सोडू नका.

अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं सकाळी मुंबई आणि दुपारी जहाज, असा बेत असेल तर एक दिवस आधी निघा. गाडी तुमच्या स्टेशनावर तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर ती सुटायच्या आत टीडीआर (तिकिटाचे पैसे परत मागण्याचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. गाडी सुटल्यावर भरला तर नाही. रेल्वेनंच गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात.

प्रश्न : वादळाची बातमी आल्यावर प्रवास विमा काढला तर चालतो का?
— एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : वादळासाठी नाही. बहुतेक पॉलिसींत ‘आधीच माहीत असलेली घटना’ वगळलेली असते, आणि वादळाला नाव पडलं की ते माहीत झालं असं धरतात. आजारपण, सामान हरवणं यांसाठी विमा चालू राहतो. तिकिटाचा पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात पॉलिसी घ्या. सफर रद्द होण्यासोबत ‘सफर मध्येच तुटणं’ आणि ‘जहाज चुकणं’ ही दोन कलमं आहेत का ते शोधा. स्वस्त पॉलिसीत हीच नसतात.

प्रश्न : जहाज हलल्यावर मळमळ होते म्हणे. आई सत्तर वर्षांची आहे. काय करावं?
— एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्या. पाळणा मधल्या दांड्याजवळ कमी हलतो, तसंच. वरची बाल्कनीची खोली महाग असते आणि हलतेही जास्त. उपाशी राहू नये, तेलकट खाऊ नये, नजर क्षितिजावर ठेवावी. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर उपयोग कमी. या गोळ्यांनी झोप येते, काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असेल तर त्या बाधतात, म्हणून आईच्या डॉक्टरांना विचारूनच न्या.

प्रश्न : आम्ही ऑक्टोबरात सहलीला जाणार, घरी फक्त सालदार. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली असेल. वादळ आंध्रात आलं तरी पाऊस आमच्याकडं का पडतो? गंजीचं काय करून जावं?
— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : जमिनीवर आलं की वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही, वारा मरतो, पण ओल बरोबर राहते आणि ते अवदाब होऊन आत सरकतं. २०२१ चं गुलाब २६ सप्टेंबरला उत्तर आंध्रात लागलं. त्याचा अवशेष तेलंगणातून मराठवाडा-विदर्भावर पाऊस पाडत अरबी समुद्रात उतरला आणि तिथं शाहीन नावानं पुन्हा वादळ झाला. म्हणून आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला इशारा लागला की पुढचे दोन ते तीन दिवस आपले समजा आणि नागपूर हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज रोज बघा.

सालदाराला सांगून जा : गंजी उंचवट्यावर, खाली तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर, भोवती वीतभर खोल चारी आणि तिला उताराकडं तोंड. गंजीचा माथा सपाट नको, उतरता हवा, नाहीतर ताडपत्रीत पाणी साचून मध्येच गळतं. ताडपत्रीच्या कडा दगडांनी न दाबता दोरीनं आवळा, वाऱ्यानं दगड सरकतात. पाऊस उघडला की ती त्याच सकाळी काढायची. उन्हात झाकलेली गंजी आतून घामेजते, शेंगा गरम होऊन दाणा काळा पडतो. गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघायला सांगा. आत ऊब लागली तर गंजी मोडून पसरायची, मग पुन्हा ढग आलेले असले तरी.