ट्यूनिंगला पाठवलेली ईसीएमची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) फाईल सारखी रिजेक्ट होते, काय करू?

भावा, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तू ते आज संध्याकाळीच करून बसशील अशी भीती वाटते मला. नेटवरून तुझ्यासारख्याच दुसऱ्या स्कोडा लॉराची 'ओरि' (ओरिजिनल) फाईल उतरवायची आणि आपली म्हणून पाठवायची, हे अजिबात करू नको. फाईल सर्व्हिसवाला (आपण पाठवलेल्या फाईलमध्ये ट्यूनिंग करून देणारा) ती पास करेल पण, कारण फाईल स्वतः चांगलीच असणार, पण ती तुझ्या साताऱ्यात उभ्या असलेल्या गाडीची नाही. दुसऱ्याचा सातबारा जोडून आपल्या नावावर कर्ज मागण्यातला प्रकार आहे तो. टू लिटर टीडीआय (डिझेल इंजिन) वरून एकच दिसते पण मॅन्युअल आणि डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरचं) सॉफ्टवेअर वेगळं असतं, शोरूममध्ये कधी अपडेट मारला असेल तर आणखी वेगळं, आणि फुल बॅकअपमध्ये इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या लॉकचा) डेटासुद्धा येतो, तो दुसऱ्या गाडीचा तुझ्या ईसीएममध्ये गेला की गाडी चालूच होत नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं.

आता मूळ मुद्दा. तू लिहिलंयस की स्लेव्ह टूलने (दुसऱ्याच्या मास्टर टूलला जोडलेल्या टूलने) ईसीएममधली फाईल वाचून पाठवली, पहिल्यांदा साईज जुळत नाही म्हणून परत आली, मग सॉफ्टवेअर नंबर जुळत नाही म्हणून आणि आता फाईल आधीच मॉडिफाय केलेली आहे म्हणून. मी सांगलीत हेच काम करतो, आणि मला विचारशील तर या तिन्ही वेळी समोरच्याने तुझं भलंच केलंय. रिजेक्ट झाली म्हणजे ईसीएम अजून जिवंत आहे. तीच फाईल पास होऊन राईट मारली (परत ईसीएममध्ये लिहिली) असतीस तर आज तू हा प्रश्न नाही, वेगळाच प्रश्न विचारत असतास.

साईजचं बघ. बॉशच्या ईडीसी१७ ईसीएममध्ये इन्फिनिऑनचा ट्रायकोर प्रोसेसर असतो, त्यातल्या टीसी१७६६ ची फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची मेमरी) दीड एमबी, टीसी१७९६ ची २ एमबी, टीसी१७९७ ची ४ एमबी. म्हणजे २ एमबीवाल्याची पूर्ण बिन फाईल (मेमरीची जशीच्या तशी कॉपी) बरोबर २०,९७,१५२ बाईट पाहिजे, एक बाईट कमी नाही जास्त नाही. पण हे उघड्या बिन फाईलचं झालं, तुझा टूल स्लेव्ह आहे, तो फाईल एनक्रिप्ट करून देतो त्यामुळे कॉम्प्युटरवर दिसणारी साईज वेगळी असू शकते आणि ती फक्त ज्या मास्टरला तुझा टूल जोडलाय तोच उघडू शकतो. दुसऱ्याच फाईल सर्व्हिसला पाठवलीस तर त्याला नुसता कचरा दिसणार. आणि कृपा करून एक्स्टेन्शन बदलू नको, नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह तर अजिबात करू नको, तिथल्या तिथे फाईल बाद होते.

अर्धवट रीडचं सगळ्यात मोठं कारण व्होल्टेज. इग्निशन ऑन ठेवून वाचताना बॅटरी हळूहळू बसते, फॅन सुरू झाला की आणखी, आणि मध्येच कम्युनिकेशन तुटतं. साधा बॅटरी चार्जर लावून भागत नाही, स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय पाहिजे, १३ च्या वर टिकून राहणारा. लाईटचा तर भरवसाच नाही आपल्याकडे, त्यामुळे गाडीची बॅटरी चांगली चार्ज पाहिजे, सप्लाय तिच्या जोडीला, आणि लॅपटॉप फुल चार्ज करून स्लीप बंद. मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं कारण रीड तुटली तर नुसता वेळ जातो, राईट तुटली तर ईसीएम उघडून बूट मोडमध्ये (थेट आतल्या बोर्डला टूल जोडून) बसावं लागतं.

बेंचवर (ईसीएम गाडीतून काढून टेबलावर) घेत असशील तर दोनदा वाच आणि दोन्ही फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाईट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कम्पेअर कर. फ्लॅशचा भाग दोन्हीत बाईट टू बाईट सारखा आला पाहिजे. ईईप्रॉम किंवा डीफ्लॅशमध्ये (बदलता डेटा ठेवणाऱ्या मेमरीत) थोडा फरक आला तर घाबरू नको, तिथे काउंटर बदलत असतात. स्लेव्ह फाईल तुला उघडता येणार नाही, तेव्हा दोन्ही रीड पाठव आणि त्यांनाच कम्पेअर करायला सांग, चांगला माणूस नाही म्हणत नाही.

नंबरचं म्हणशील तर ईसीएमच्या स्टिकरवर जाऊ नको. जुन्या गाडीत स्क्रॅपमधला ईसीएम बसवलेला असतो आणि मालकाला पत्ता पण नसतो. बॉशचा डिझेल ईसीएम असेल तर हार्डवेअर नंबर ०२८१ ने सुरू होतो, सॉफ्टवेअर नंबर १०३७ ने. टूलने आयडी घेतल्यावर जे येतं तेच फॉर्ममध्ये भर, आणि ओबीडीने (गाडीच्या स्कॅनिंगच्या सॉकेटमधून) वाचली का बेंचने का बूटने तेही खरं लिही. व्हर्च्युअल रीड असेल तर हे अजून महत्त्वाचं, कारण त्यात टूल गाडीतून नुसता आयडी घेतो आणि फाईल सर्व्हरवरून येते. ती ओरिजिनल बॅकअप नाही हे डोक्यात ठेव, गाडीत आत्ता काय आहे ते तिच्यात नसतंच.

आणि तिथंच तुझा तिसरा मेसेज येतो. सेकंडहॅण्ड लॉरा, पुण्या-मुंबईकडून आलेली, म्हणजे आधीच रिमॅप (ट्यूनिंग) झालेली असण्याची शक्यता भरपूर. फाईल सर्व्हिसवाले तुझी फाईल त्याच सॉफ्टवेअर नंबरच्या स्टॉक (कंपनीच्या मूळ) फाईलशी ताडून बघतात, टॉर्क लिमिटर, बूस्ट, रेल प्रेशरचे मॅप (इंजिनाची ताकद, टर्बोचा आणि डिझेलचा दाब ठरवणारे तक्ते) बदललेले दिसले की परत पाठवतात. बरोबर करतात. त्याच्यावर आणखी स्टेज वन (पहिल्या पायरीचं ट्यूनिंग) चढवलं तर टर्बो आणि क्लचचं काय होईल सांग. जुन्या मालकाला फोन कर, कुणी केलं होतं आणि ओरिजिनल ठेवलीय का विचार. नसेल तर फाईल सर्व्हिसला सॉफ्टवेअर नंबर देऊन स्पष्ट सांग की गाडी आधी स्टॉकवर आणायची आहे. बहुतेकांकडे मोठा साठा असतो. स्टॉक फाईल आल्यावर ती टाक, एरर स्कॅन कर, गाडी चार दिवस चालव, मग ट्यूनिंगचं बोल. आत्ता गाडीत जी मॉडिफाय केलेली आहे तिचा बॅकअपपण जपून ठेव, फेकू नको.

डीपीएफ किंवा ईजीआर (धूर-प्रदूषण कमी करणारे भाग) बंद करायची रिक्वेस्ट त्यात टाकली असशील तर काढून टाक. बऱ्याच ठिकाणी त्या एका ओळीवरूनच नकार येतो, आणि धूर ओकणारी गाडी रस्त्यावर सोडायच्या मी विरोधात आहे, पैसे कितीही मिळोत.

टूल कॉपीवाला (नकली) असेल तर मात्र वर लिहिलेलं सगळं करूनही फाईल परत येऊ शकते, ते आधी तपास. नाहीतर टूलने दिलेल्या आयडीचा स्क्रीनशॉट इथं टाक, चासी नंबर झाकून, बघून सांगतो.