मित्रांच्या रेसच्या नादावर चांगला विनोदी सिनेमा कोणता?

तुम्ही विचारलंय, घोड्यांवर पैसे लावणाऱ्या मित्रांवरचा, खरंच हसवणारा सिनेमा आहे का. आहे. १९७६ चा इटालियन 'फेब्रे दा कव्हाल्लो', म्हणजे 'घोड्याचा ताप'. दिग्दर्शक स्तेनो.

रोममधले तीन रिकामटेकडे मित्र. त्यांतला मुख्य टोपणनावाने मँड्रेक, काम केलंय जीजी प्रोयेत्तीने. हो, आपल्या कॉमिक्समधल्या जादूगारावरूनच! गोष्ट सुरू होते कोर्टात. हा न्यायाधीशांपुढे उभा राहून आपली कहाणी सांगतोय. न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे लक्ष असू द्या, एवढंच सांगतो.

रेस आपल्या पुण्या-मुंबईसारखी नाही. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तीत हाकणारा बसलेला. घोड्याने दुडक्या चालीनेच पळायचं, चौखूर उधळला की पंचाईत. टांगा पाहिलेल्या सोलापूरकराला समजावून सांगायला नको.

पण मला सिनेमा आवडला तो हरल्यानंतरच्या बोलण्यामुळे. माझे मामा आणि त्यांचे तीन दोस्त पावसाळ्यात सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याच्या रेसकोर्सवर जायचे. घरी सांगायचे, 'लग्न आहे.' एकदा मलाही नेलं. सकाळी कुर्डुवाडीपर्यंत चौघांची डोकी एका रेसबुकात, पेन्सिल एकच, तीही मामांच्या कानावर. परतीचे पैसे आधीच बुटात, मोज्याखाली. संध्याकाळी दौंड सोडल्यावर कडक भाकरी नि शेंगाचटणीचं फडकं उघडलं आणि सुरू झालं: "आपलाच होता की बे, नाकानं गेला!" "जॉकीनं वेळेवर सोडला असता तर..." सोलापूर येईपर्यंत हरलेल्या सगळ्या रेसा यांनी बोलून जिंकल्या होत्या. मँड्रेक आणि कंपनी अगदी अशीच. हरले म्हणून कुणी थांबत नाही. पुढच्या रेससाठी पैसे कुठून आणायचे, एवढाच प्रश्न.

मँड्रेक व्हिस्कीच्या जाहिरातीत काम करतो, तो प्रसंग चुकवू नका. वाक्य जीभ वळणार नाही असं, त्यात 'जोखीम नाही' हे शब्द, आणि ते बोलायला हा माणूस! टेकवर टेक.

सिनेमा आला तेव्हा फारसा चालला नाही म्हणतात, नंतर टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागून लोकांच्या तोंडी बसला. २००२ मध्ये स्तेनोच्या मुलाने पुढचा भाग काढला. तो नाही पाहिलात तरी चालेल.

गेल्या दिवाळीत मामांना दाखवला. सबटायटल्स इंग्रजी, मी शेजारी बसून सांगत होतो. एका ठिकाणी मँड्रेकची मैत्रीण त्याला तीन घोडे सांगून पैसे देते. हा शहाणा दुसरीकडेच लावतो, आणि तिचेच तिन्ही येतात. मी हसत सुटलो. मामा गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "लावायला पाहिजे होते की तिचे."

स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "तुम्ही मला कधी विचारलं?"