'प्रूफ्रॉक' कवितेतला माणूस खरंच म्हातारा आहे का?

नाही, इंग्रजी कवी टी. एस. एलियटच्या 'द लव्ह साँग ऑफ जे. आल्फ्रेड प्रूफ्रॉक'मधला माणूस म्हातारा नाही, म्हातारपणाच्या धास्तीत जगणारा आहे. क्रियापदांचे काळ बघा. टक्कल पडायला लागलंय, पण 'याचे केस किती विरळ होत चाललेत' असं लोक 'म्हणतील'. तो भविष्यातली कुजबुज आत्ताच ऐकतोय. 'मी म्हातारा होतोय' म्हटल्यावरही ठरवतो काय, तर पँटचे पाय दुमडायचे, भांग मागे पाडायचा का, पीच खायची हिंमत करायची का! बदलाची भीती त्याहून खोल आहे, आणि मला तीच कवितेचा गाभा वाटते. 'वेळ आहे' असं तो घोकतो, कारण मनात घोळणारा मोठा प्रश्न एकदा विचारला की उत्तर येणार आणि मग आधीसारखं काही राहणार नाही. म्हणून चहा-टोस्टच्या आधीच शंभरदा मन फिरतं. मात्र त्याचं वय कवितेत कुठेच दिलेलं नाही, त्यामुळे परीक्षेत 'चाळिशीचा' असं ठोकून देऊ नका. कवीचं आत्मकथन म्हणूनही वाचू नका: १९११ मध्ये कविता पुरी झाली तेव्हा एलियट २२ वर्षांचा होता, ती छापली गेली १९१५ मध्ये, शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात.