अभ्यासाच्या टेबलासाठी किती वॅटचा दिवा घ्यावा?

सोलापुरातलं घर, दहा बाय दहाची खोली, पश्चिमेची खिडकी. दिवसा तुमचं लॅपटॉपचं काम, रात्री त्याच टेबलावर मुलीचा बारावीचा अभ्यास. 20 वॅटची एलईडी ट्यूब असूनही वहीवर अंधार वाटतो, म्हणून 40 वॅटची बसवू का, असं तुम्ही विचारलंय.

नका बसवू. मी याच शहरात घरांचं वायरिंग करतो. अशा खोल्यांमध्ये बहुतेक वेळा उजेड पुरेसा असतो, पण तो पाठीमागून येतो. ट्यूब दारावरच्या भिंतीला आणि टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं असतं. मुलगी वहीवर वाकली की तिच्याच डोक्याची सावली पानावर पडते. ट्यूब मोठी केली तरी सावली तिथेच राहणार. म्हणून आधी टेबल हलवा, खरेदी नंतर.

खिडकी डाव्या हाताला येईल असं बसा, म्हणजे तोंड उत्तरेला होईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडूनच हवा. मुलगी डावखुरी असेल तर उलट. खिडकीकडे तोंड करून बसलात तर डोळे दिपतात, पाठ केलीत तर स्क्रीनमध्ये खिडकीच दिसते. आपल्याकडे मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बऱ्याच उत्तरेला मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन डावीकडून, थोडं समोरून येईल. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा तेच ऊन मागून येऊन लॅपटॉपवर पडेल. एक जाड पडदा कायम ओढून ठेवण्यापेक्षा पांढऱ्या पातळ सुती कापडाचे दोन भाग करा आणि ऊन येईल तो भाग ओढा. उन्हाची तिरीप अडते आणि खोलीभर मऊ उजेड राहतो.

रात्रीसाठी स्वतंत्र टेबललॅम्प घ्या. पानावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. लिहिण्या-वाचण्याला 300 ते 500 लक्स पुरेसा धरतात, आणि पानापासून दीड फुटावरचा 5 ते 7 वॅटचा एलईडी दिवा तेवढा सहज देतो. अंतर दुप्पट झालं की उघड्या बल्बचा उजेड चौथाईवर येतो, म्हणून छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा छोटा दिवा जास्त कामाचा. लॅम्पची टोपी अपारदर्शक हवी आणि तिची कड डोळ्यांच्या पातळीखाली, म्हणजे बल्ब थेट दिसणार नाही. आणि लॅम्प चालू असताना ट्यूब बंद करू नका. काळोख्या खोलीत एकटं पान उजळलं, की नजर उचलली तरी डोळ्यांना सारखं जुळवून घ्यावं लागतं. लॅपटॉपलाही हेच लागू. टेबलावर काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर वहीखाली जाड खाकी कागद पसरा, नाहीतर दिव्याची झळाळी खालून डोळ्यांत येते.

खोक्यावर वॅट बघू नका, ल्युमेन बघा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो तो आकडा. एकाच वॅटचे दोन बल्ब वेगवेगळा उजेड देतात. पुढे केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा: कमी असेल तर पिवळसर, जास्त असेल तर निळसर. दुकानदार बहुतेक वेळा 6500 चा निळसर पांढरा बल्ब हातात देतात. अभ्यासाला मी 4000 चा सांगतो, आणि उशिरापर्यंत जागायचं असेल तर 3000 च्या आसपासचा. निळसर उजेडानंतर झोप उशिरा लागते. मग सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. 80 चालतो, 90 उत्तम. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या घरी सुताचा रंग जुळवायला माणसं लडी घेऊन दारात उन्हापाशी येतात, ती याच कारणाने.

एका गोष्टीवर मात्र पैसे वाचवू नका. एलईडीतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट, हलक्या दर्जाचा असला की दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कित्येकांचं डोकं दुखायला लागतं. दुकानात दिवा लावून मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले किंवा दिवा फडफडताना दिसला तर परत ठेवा.

लॅम्पसाठी प्लगपॉइंट टेबलाच्या डाव्या बाजूला काढून घ्या, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तो पॉइंट त्याच्याच लाइनवर जोडायला वायरमनला आधीच सांगा. परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट गेली तरी मुलीला उठावं लागणार नाही.