वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात गाडी मिसिंग करते तेव्हा

प्रश्न (मालवण) : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे, ६२ हजार किलोमीटर झाले आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी चालू केली की जागच्या जागी थडथडते, दहाएक मिनिटांनी शांत होते. पण फोंडा घाट चढताना पुन्हा झटके देते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. प्लग बदलून झाले, फरक नाही. आता चारही कॉईल बदला म्हणतात. घरी काही तपासता येईल का?

उत्तर : येईल, आणि कॉईल विकत घेण्याआधी तपासाच. कॉईल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक; चारही एकाच वेळी जाणं फार दुर्मीळ. बहुतेकदा एकच सिलिंडर पेटत नसतो (यालाच मिसिंग म्हणतात), आणि तो कोणता हे कळेपर्यंत एकही पार्ट बदलू नये.

तुम्ही दिलेली लक्षणं बोलकी आहेत. इंजिन तापल्यावर गाडी सुधारते, म्हणजे कुठेतरी शिरलेली ओल सुकते. चढावर बिघडते त्याचं कारण असं, की ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉईलखालच्या रबरी बुटाला चीर असेल किंवा आत पाणी असेल, तर वीज सोपी वाट धरते आणि प्लगच्या टोकाऐवजी बाजूच्या धातूत उतरते.

आधी कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचा. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा साधा ओबीडी स्कॅनर (कोड वाचायचं यंत्र) पुरतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, याप्रमाणे. पी०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. तेव्हा हवा, पेट्रोल किंवा अर्थिंगकडे बघायचं. सिलिंडरची मोजणी कुठून सुरू होते ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत बेल्टच्या बाजूचा पहिला असतो.

स्कॅनर नसेल तर जुनी पद्धत आहेच. गाडी उघड्यावर उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक. इंजिन बंद ठेवून एका कॉईलचा छोटा कनेक्टर काढा, चालू करून आवाज ऐका, बंद करून कनेक्टर परत लावा. मग पुढची कॉईल. कनेक्टर काढल्यावर थडथड वाढली तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला सिलिंडर तोच. हे सगळं सकाळी, गाडी मिसिंग करत असतानाच करायचं; शांत झाल्यावर काही कळणार नाही. प्रत्येक वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. याच कारणाने, चालत्या गाडीत पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर तशीच रेटू नका, बाजूला घ्या.

सिलिंडर सापडला की इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि ती कॉईल वर ओढा. टॉर्च मारून प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात, बघा. कोकणात इथे तीनपैकी एक काहीतरी दिसतं. पाणी असेल तर ते बहुतेक काचेखालच्या वायपरच्या खाचेतून आलेलं असतं. गाडी आंब्या-फणसाखाली उभी असली की पानं कुजून तिथली निचऱ्याची भोकं बुजतात आणि पाणी इंजिनाच्या मागच्या बाजूला ठिबकतं. भोकं साफ केली नाहीत तर नवी कॉईलही पुढच्या पावसात तशीच भिजणार. तेल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं. तेलाने बूट फुगतो आणि फाटतो. आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवी-पांढरी पूड असेल तर ती खाऱ्या हवेची. पिना पॉलिशपेपरने घासू नका, वरचा मुलामा गेला की त्या दुप्पट वेगाने गंजतात. काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. बुटाच्या आतल्या कडेला आणि कनेक्टरच्या रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. साधं चाकाचं ग्रीस इथे चालत नाही, रबर खातं.

प्लग काढण्याआधी पंपाने विहिरीतली धूळ उडवा. जांभ्याची लाल माती सिलिंडरमध्ये पडली तर भिंतींवर ओरखडे उठतात. काढलेला प्लग नीट न्याहाळा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पेट्रोलने ओलं म्हणजे ठिणगीच नाही. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त, आणि तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. आता पांढऱ्या चिनी मातीकडे बघा. तिच्यावर वरून खाली गेलेली पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक काळी रेघ असेल तर वीज बाहेरून उतरत होती. तशीच रेघ बुटाच्या आतही सापडते. प्लग नवा घातला आणि बूट तोच ठेवला तर काही दिवसांत नव्या प्लगवरही रेघ उमटते. तुमच्या बाबतीत प्लग बदलून फरक पडला नाही, त्यामागे हेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. बऱ्याच कॉईलचा रबरी बूट वेगळा मिळतो आणि तो कॉईलच्या मानाने बराच स्वस्त असतो.

बूट चांगला दिसत असेल तर अदलाबदल करा. समजा कोड पी०३०२ आहे, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. पी०३०२ चा पी०३०३ झाला तर ती एकच कॉईल घ्या. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही हलला नाही, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). कॉम्प्रेशन गेज लावून सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर काम घरचं राहत नाही.

परत बसवताना प्लगची फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा; पेट्रोल गाड्यांत ती बहुधा ०.८ ते १.१ मिमी असते. इरिडियम प्लगचं टोक फीलर गेजने वाकवायला जाऊ नका, तुटतं. प्लग शेवटपर्यंत हातानेच फिरवा, म्हणजे आटे वाकडे धरत नाहीत. मग वॉशरचा नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा, जुनाच असेल तर जेमतेम बाराव्या हिश्शाएवढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. जोर लावलात की आटे गेलेच.

प्रश्न (गुहागर) : आम्ही मुंबईला असतो, गाडी गावी पडवीत उभी असते. गणपतीला आलो की चालू होते, पण आयडलिंगला गचके देते आणि कधी कधी बंद पडते. रेस केली की ठीक चालते. मुद्दाम काही करावं का?

उत्तर : पहिली शंका उंदरांवर घ्या. इंजेक्टरच्या आणि कॉईलच्या तारा, त्यांच्या वळणांत आणि खालच्या बाजूला, बोटाने चाचपून बघा. एअर फिल्टरचा डबाही उघडा. आत घरटं सापडतं.

तारा शाबूत असतील तर हवेची गळती शोधा. रेस केल्यावर ठीक आणि आयडलिंगला गचके, हे तिचं ठरलेलं लक्षण. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी पाकळी, तिच्या आणि इंजिनाच्या मधे कुठेतरी जास्तीची हवा शिरते. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेत असल्याने तेवढ्यानेही मिश्रण बिघडतं, रेस केल्यावर तीच गळती नगण्य ठरते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, बघा. आयडलिंगला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ आली तर गळती नक्की समजा. ब्रेक बूस्टरची जाड नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) कोपऱ्यातली नळी आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) सांधा या जागांवर झाडांच्या फवाऱ्याने थोडं थोडं पाणी मारा. विजेच्या कनेक्टरांवर नको. ज्या जागी पाणी पडताच आवाज बदलेल तिथे चीर आहे. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. तो गरम इंजिनावर पेट घेतो, म्हणून घरी मी तो सुचवणार नाही.

गळती नसेल तर थ्रॉटल बॉडी. पाकळीच्या कडेला काजळीची कड जमली की आयडलिंगची हवा अडते. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक पाकळी इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांना स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावं लागतं.

टाकीतलं पेट्रोल जुनं असेल तर थोडं काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करणं भाग आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून खाली बसतात. वर ताजं पेट्रोल ओतून तो थर जात नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : गाडी सीएनजीवर मिसिंग करते, पेट्रोलवर अगदी मऊ. गॅसचं किट खराब झालं का?

उत्तर : किटला हात लावण्याआधी प्लग आणि कॉईल बघा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे अशक्त झालेली ठिणगी आधी गॅसवर उघडी पडते. झिजून फट वाढलेला प्लग हे सगळ्यात नेहमीचं कारण. याच्या उलट, पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर ठीक असं झालं तर इग्निशन सोडून पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप तपासा.

प्रश्न (दापोली) : सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंग थरथरतं. आरपीएमचा काटा मात्र हलत नाही. कोडही नाही.

उत्तर : हे मिसिंग नव्हे. सायलेन्सरच्या तोंडाजवळ कागदाची पट्टी धरा. धूर एकसारखा लागत असेल, मध्येच धक्का बसून पट्टी आत ओढली जात नसेल, तर इंजिन ठीक आहे. इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बघा. बॉनेट उघडून दुसऱ्या कुणाला ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, आणि तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहून बघा, समोर नको. इंजिन एका बाजूला ठळक उचललं गेलं तर त्या बाजूच्या माउंटचं रबर फाटलंय.